बटण टायरची गोष्ट: अर्धा डांबरी, अर्धा कच्चा

हेडफोन घातलेत ना? मग सुरू करूया. आणि हे वाचत असाल तर नेहमीसारखंच, एपिसोडमध्ये बोलले ते थोडं सावरून इथे लिहिलंय.

मागच्या आठवड्यात एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आला. "ताई, गाडीला नवीन टायर टाकायचेत. रोज ऑफिसला जातो, रविवारी गडाच्या पायथ्यापर्यंत कच्चा रस्ता असतो. फिफ्टी-फिफ्टी घेऊ की एटी-ट्वेंटी?" प्रश्न संपला. बारा-पंधरा सेकंदांचा असेल. पण मी तो ऐकून हसलेच, कारण हा प्रश्न मोटरसायकलइतकाच जुना आहे. डांबरावरही चालेल आणि मातीतही चालेल असा एकच टायर मिळेल का? याच्यावर लोकांनी शंभर वर्षं डोकं खपवलंय. आणि हा नुसता शौकाचा प्रश्न नाही. टायरची जोडी म्हणजे पगारातला चांगला लचका. शिवाय गाडी आणि रस्ता यांच्यामध्ये तळहाताएवढ्या रबराच्या दोन तुकड्यांपलीकडे काहीच नसतं. पावसाळ्यात घाट उतरताना समोर एसटी आली की तुम्ही त्या दोन तळहातांवर असता.

तर आज टायरचा इतिहास. सगळा नाही, फक्त या 'दोन्हीकडे चालणाऱ्या' टायरचा.

हवेच्या टायरची सुरुवात बहुतेकांना डनलॉप या नावाने माहिती असते. जॉन बॉइड डनलॉप हा बेलफास्टमधला गुरांचा डॉक्टर. मुलाच्या तीनचाकी सायकलला धक्के बसू नयेत म्हणून त्याने हवा भरलेली रबरी नळी चाकावर बसवली. वर्ष १८८७, पेटंट १८८८ मध्ये. गंमत म्हणजे ते पेटंट पुढे रद्द झालं, कारण रॉबर्ट विल्यम थॉमसन नावाच्या स्कॉटिश माणसाने १८४५ मध्येच हीच कल्पना नोंदवून ठेवली होती. तेव्हा सायकल नव्हती, मोटार नव्हती, म्हणून कोणी विचारलंच नाही. काळाच्या आधी जन्मलेली वस्तू अशीच धूळ खात पडते.

पण आपल्याला इथे एवढंच हवंय की सुरुवातीला टायरवर नक्षी हा विषयच नव्हता. काम होतं धक्का झेलायचं. घसरू नये म्हणून काहीतरी करायला हवं, हे लोकांना कळलं ते गाड्यांचा वेग वाढल्यावर. मग खाचा आल्या, पट्टे आले, चौकोनी ठोकळे आले.

आता इंग्लंडमध्ये जाऊ. १९१३ साली कार्लाइल या गावी एक स्पर्धा झाली, आंतरराष्ट्रीय सहा दिवसांची चाचणी. सहा दिवस, रोज ठरलेलं अंतर, ठरलेल्या वेळेत. सगळ्यात वेगवान कोण हा मुद्दा दुय्यम. तुमची गाडी चढ, चिखल, दगड, ओढे यातून जाते का आणि संध्याकाळी शाबूत परत येते का, हे बघायचं. स्कॉटलंडची सहा दिवसांची चाचणी तर त्याच्याही आधीची, १९०९ पासूनची.

या स्पर्धांना 'ट्रायल' म्हणायचे आणि आजच्या तुमच्या-माझ्या टायरचं मूळ इथे आहे. कारण त्या काळातला साधा कामगार रायडर काय करायचा? त्याच्याकडे एकच गाडी. सोमवार ते शनिवार त्याच गाडीवर कामाला. रविवारी तीच गाडी घेऊन तीस-चाळीस मैल रस्त्याने स्पर्धेच्या जागी जायचं, दिवसभर चिखलात लोळायचं आणि संध्याकाळी तीच गाडी चालवत घरी यायचं. टेम्पोत घालून गाडी नेण्याची चैन नव्हती. म्हणजे टायर असा हवा जो दगडावर चिकटेल, चिखलात ओढेल आणि परतीच्या ओल्या डांबरावर माणसाला पाडणार नाही.

आपल्या श्रोत्याचा प्रश्न आणि या माणसाचा प्रश्न, यात काही फरक दिसतोय का? मला तरी नाही दिसत.

त्या गरजेतून जी नक्षी रुळली तिचं नाव पडलं 'ट्रायल्स युनिव्हर्सल'. डनलॉपचा त्या नावाचा टायर तर घरोघरी पोचला. ती दिसायची कशी? जवळजवळ बसवलेले चौकोनी ठोकळे, फार उंच नाहीत, मध्ये बोटभरही नाही एवढ्या फटी. मोटोक्रॉसच्या टायरवर जी उंच, लांब-लांब बटणं असतात ती मऊ माती खणण्यासाठी. ट्रायलचा टायर खणत नाही, तो धरतो. ठोकळे जवळ असल्यामुळे डांबरावर रबर जास्त टेकतं आणि ठोकळा बुटका असल्यामुळे ब्रेक मारल्यावर वाकत नाही. ही दोन वाक्यं लक्षात ठेवा, पुढचा सगळा हिशेब यावरच आहे.

याच ट्रायलच्या जगातून आपल्या ओळखीची एक गाडी आली. १९४८ मध्ये रॉयल एनफिल्डने मागे झुलणारा आर्म आणि शॉकअॅब्सॉर्बर असलेली नवी बुलेट आणली ती शोरूममध्ये नाही, थेट ट्रायल स्पर्धेत. त्याच वर्षी इटलीत सान रेमोला सहा दिवसांची चाचणी झाली. ब्रिटनच्या विजेत्या संघात दोन बुलेट होत्या आणि दोन्ही चालकांना सुवर्णपदक मिळालं. पुढे भारतीय सैन्याने सीमेवरच्या गस्तीसाठी ३५० सीसीच्या बुलेट मागवल्या आणि १९५५ पासून मद्रासला त्यांची जुळणी सुरू झाली. म्हणजे आज ज्या बुलेटला आपण 'हायवेची राणी' वगैरे म्हणतो ती मुळात चिखलाची पोर आहे. लग्नाच्या वरातीत ती दिसली की मला दर वेळी सान रेमो आठवतं, काय करणार.

इथून कॅमेरा अमेरिकेकडे. तिकडे जमीन वेगळी. कॅलिफोर्निया आणि मेक्सिकोचं वाळवंट, मैलोन्मैल मोकळं. १९६२ मध्ये होंडाच्या लोकांना आपली नवी २५० सीसीची स्क्रॅम्बलर, सीएल७२, किती टणक आहे हे दाखवायचं होतं. डेव्ह एकिन्स आणि बिल रॉबर्टसन ज्युनिअर हे दोघं तिहुआनाहून निघाले, बाखा द्वीपकल्पाच्या टोकाला ला पाझपर्यंत. जवळपास दीड हजार किलोमीटर, त्यातला बहुतेक रस्ता म्हणजे रस्ताच नव्हे. वेळेचा पुरावा कसा द्यायचा? जीपीएस नाही, फोन नाही. तर निघताना तारऑफिसातून तार करायची आणि पोचल्यावर तिथल्या तारऑफिसातून दुसरी तार. दोन तारांवरच्या वेळांतलं अंतर आलं ३९ तास ५६ मिनिटं. चाळीस तासांच्या आत, चार मिनिटं राखून!

पण ती सीएल७२ खरंतर रस्त्याच्याच गाडीला उंच सायलेन्सर आणि रुंद हँडल लावलेली होती. खरी दोन्हीकडची गाडी आली १९६८ मध्ये, यामाहा डीटी-१. यामाहाच्या अमेरिकेतल्या लोकांनी जपानला कळवलं होतं की इथे लोकांना रस्त्यावर पासिंग मिळेल अशी पण जंगलात खेळता येईल अशी हलकी गाडी हवीय. त्यातून ही २५० सीसीची टू-स्ट्रोक जन्मली. पुढे १९ इंची चाक, मागे १८ इंची आणि टायर कुठले? ट्रायल्स युनिव्हर्सल नक्षीचे. इंग्लंडमधल्या कामगाराचा परतीचा टायर आता जपानी गाडीवर बसून अमेरिकेच्या पायवाटांवर फिरायला लागला. 'ड्युअल-स्पोर्ट' हा शब्द नंतर चिकटला, टायर आधीच तयार होता.

मग आलं डाकार, आणि इथे माझ्या मते गोष्टीला वळण लागलं.

तिएरी साबिन हा फ्रेंच माणूस १९७७ मध्ये आबिजान-नीस रॅलीत मोटरसायकलवर असताना लिबियाच्या वाळवंटात हरवला. वाचवला गेला, घरी आला आणि घाबरून गप्प बसायच्या ऐवजी म्हणाला, इथे लोकांना घेऊन जायला हवं. २६ डिसेंबर १९७८ ला पॅरिसच्या त्रोकादेरो चौकातून पहिली पॅरिस-डाकार सुटली. सुमारे दहा हजार किलोमीटर. १८२ गाड्या निघाल्या, ७४ पोचल्या. जिंकला सिरिल नवू, गाडी यामाहा एक्सटी५००. पुढच्या वर्षी पुन्हा तोच माणूस आणि तीच गाडी.

एक्सटीला पुढे २१ इंची चाक होतं. आज तुम्ही हिमालयन किंवा एक्सपल्स बघता तेव्हा पुढे जे उंच, अरुंद चाक दिसतं ते याच घराण्यातलं. मोठं चाक दगडावर, खड्ड्याच्या काठावर सहज चढतं, लहान चाक त्यात अडकतं. बैलगाडीची चाकं एवढी मोठी का असायची याचंही निम्मं उत्तर हेच. पण मोठं अरुंद चाक डांबरी वळणावर आळशी वागतं आणि त्या मापात रस्त्याचे चांगले टायर कमी मिळतात. फुकट काहीच मिळत नाही.

१९८० मध्ये बीएमडब्ल्यूने आर८० जी/एस काढली. कंपनीचा मोटरसायकल विभाग तेव्हा डबघाईला आलेला. जी म्हणजे जर्मनमध्ये गेलेंड, रानवाट. एस म्हणजे श्ट्रासं, रस्ता. नावातच दोन्ही. पण इंजिन जवळपास ८०० सीसीचं, ताकद ५० घोड्यांची, वेग १६८ किलोमीटरपर्यंत. आणि इथे इंजिनियर अडकले. गाडी इतकी पळते, पण तेवढ्या वेगाला मातीतला टायर टिकणार कसा? उंच बटण डांबरावर वेगात फिरतं तेव्हा प्रत्येक फेरीत एकदा दाबलं जातं, वाकतं, सुटतं. या वाकण्यातून उष्णता तयार होते. उष्णता वाढली की रबर मऊ पडतं आणि शेवटी बटणं मुळातून फाटून उडतात. म्हणून बीएमडब्ल्यूला मेट्झेलर कंपनीसोबत या गाडीसाठी टायर मुद्दाम तयार करून घ्यावा लागला. १९८१ मध्ये ह्युबर्ट ओरिऑलने याच घराण्यातल्या गाडीवर डाकार जिंकली आणि जड 'अॅडव्हेंचर' गाड्यांचं युग सुरू झालं.

आता तुम्ही म्हणाल यात वळण कुठे आलं? वळण असं की तोपर्यंत टायरचा प्रश्न होता 'घरी कसा पोचू'. डाकारनंतर तो झाला 'दिसतो कसा'. वाळूच्या लाटेवरून उडणारी गाडी, खाली राक्षसासारखी बटणं, हे पोस्टर विकलं गेलं. त्या गाड्यांमागे मेकॅनिक असायचे, सुटे टायर घेऊन ट्रक यायचे, हे पोस्टरमध्ये दिसत नाही. आज रील बघून लोक जे टायर घेतात ते त्या पोस्टरचंच नातवंड आहे.

आणि भारतात? आपल्याकडे 'ड्युअल-स्पोर्ट' हा शब्द यायच्या कितीतरी आधी सगळ्या गाड्या ड्युअल-स्पोर्टच होत्या, कारण रस्तेच तसे होते. राजदूतवर दुधाचे कॅन लावून वाडीवरून डेअरीला जाणारा माणूस कुठल्याही रॅलीवाल्यापेक्षा जास्त मिश्र रस्ता रोज तुडवायचा. जुन्या गाड्यांना पुढे सहसा रिबचा टायर असायचा, म्हणजे चाकाच्या दिशेने जाणाऱ्या उभ्या खाचा, आणि मागे ठोकळ्यांची नक्षी. रिब डांबरावर सरळ आणि शहाणी चालते. चिखलात मात्र खाचा भरल्या की पुढचं चाक साबणासारखं सुटतं. म्हणून खेड्यापाड्यात लोक मागे बटण टायर टाकून घ्यायचे. हा शब्द मला फार आवडतो. कोणा कंपनीने दिला नाही, टायरच्या दुकानातच पडला. नव्या टायरला पैसे नसले तर जुना रिमोल्ड करून आणायचा.

टायर बनवणाऱ्यांची कहाणीही बघा. डनलॉपचा कारखाना बंगालात साहागंजला १९३६ मध्ये सुरू झाला होता. एमआरएफची सुरुवात १९४६ ला मद्रासजवळ, खेळण्यातले फुगे बनवण्यापासून. सिएटचं नाव इटलीतल्या तोरिनोचं, तिथे १९२४ ला सुरू झालेली कंपनी. भारतात १९५८ ला आली, भांडुपला कारखाना टाकला, पुढे नाशिकलाही. २०१६ मध्ये हिमालयन आली तेव्हा तिच्या पायात सिएटचे टायर होते, पुढे ९०/९०-२१, मागे १२०/९०-१७. त्याआधी २०११ मध्ये हिरोची इम्पल्स येऊन गेली, १५० सीसीची. चांगली गाडी, पण आपण तिला भाव दिला नाही. आठ वर्षांनी, २०१९ ला, एक्सपल्स आली तेव्हा तिला मात्र लोकांनी डोक्यावर घेतलं. थॉमसनचं पेटंट आठवलं का?

बरं, आता त्या प्रश्नाकडे. फिफ्टी-फिफ्टी की एटी-ट्वेंटी?

पहिली गोष्ट, हे आकडे कुठल्याही प्रयोगशाळेत मोजलेले नाहीत. कंपनी स्वतःच ठरवते. एकाचा ५०/५० दुसऱ्याच्या ६०/४० सारखा निघू शकतो. शिवाय ५०/५० म्हणजे तुम्ही निम्मा वेळ मातीत असता असं, की टायर दोन्हीकडे निम्मा चांगला आहे असं, हेही कोणी सांगत नाही. त्यामुळे आकडा सोडा, नक्षीकडे बघा. ठोकळ्यांमधली फट किती आणि ठोकळा किती उंच. फट जास्त तितकी मातीत पकड बरी, पण डांबरावर टेकणारं रबर कमी. ठोकळा उंच तितकं खणणं बरं, पण ब्रेक मारताना वाकणं जास्त, आवाज जास्त आणि मधला भाग लवकर झिजणार.

दुसरी गोष्ट, 'माती' असा एकच प्रकार नसतो, आणि हे परदेशी रिव्ह्यू बघून कळत नाही. मराठवाड्यात, सोलापूरकडे काळी माती. पाऊस पडला की ती टायरला अशी लागते की दहा-वीस फुटांत चाकाचा लाडू होतो आणि मडगार्डमध्ये गच्च बसते. तिथे मोठ्या फटींचा टायर माती थोडीफार झाडून टाकतो, पण खरं शहाणपण त्या दिवशी गाडी न काढण्यात आहे. कोकणात लाल मुरूम. कोरडा असला की छोटे-छोटे खडे गोट्यांसारखे फिरतात, तिथे बटणं उपयोगी. पण पावसाळ्यात शेवाळलेला कातळ लागला की मोठं बटण उलट वाईट, कारण चार-पाच टोकांवरच सगळं वजन येतं. तिथे मऊ रबराचे जवळजवळ बसवलेले ठोकळे त्यातल्या त्यात बरे. तेच ट्रायलवाल्यांचं जुनं गणित. सह्याद्रीतल्या गडाखालचा रस्ता बहुतेक वेळा दगड, मुरूम आणि थोडा चिखल असा असतो. वाळवंट नसतो.

म्हणून त्या श्रोत्याला माझं स्पष्ट मत. आठवड्यातले सहा दिवस डांबर, त्यात जून ते सप्टेंबर ओलं डांबर, आणि एक दिवस दहा-बारा किलोमीटर कच्चा रस्ता. दादा, तू रस्त्याकडे झुकणारा टायर घे. जवळ ठोकळ्यांचा, मध्यम खोल खाचांचा. कच्च्या रस्त्यावर तो कमी पडला तर तू वीसच्या वेगात असशील, पाय टेकवशील, फार तर आडवा होशील आणि मित्र हसतील. घाटात ओल्या वळणावर बटण टायरने दगा दिला तर वेग साठ असेल आणि शेजारी कठडा किंवा ट्रक. दोन्ही पडणं सारखं नाही. ज्याचं शेत, घर किंवा नोकरीच कच्च्या रस्त्यावर आहे त्याने मात्र बिनधास्त बटण टायर घ्यावा, आणि डांबरावर ब्रेकसाठी अंतर जास्त ठेवावं.

काहीजण पुढे रस्त्याचा आणि मागे बटणांचा असा जोडही लावतात. दूधवाल्यांनी तेच केलं होतं की. ओढायचं काम मागचं चाक करतं आणि ब्रेकचा मुख्य भार पुढच्यावर येतो, त्यामुळे यात तर्क आहे. उलटा जोड, म्हणजे पुढे बटणं आणि मागे गुळगुळीत, तो मला पटत नाही.

हवेबद्दल. कच्च्यावर हवा थोडी कमी केली की टायर पसरतो, दगडाला बिलगतो. फार कमी केली तर ट्यूब रिम आणि दगडामध्ये चिमटून फाटते, किंवा रिमच चेपते. आणि डांबरावर परत येताना हवा भरायलाच हवी, नाहीतर टायर तापतो आणि गाडी वळणात डुलते. छोटा पंप सोबत ठेवा. ट्यूबचा टायर असेल तर लिव्हर आणि पॅचही ठेवा, आणि एकदा पंक्चरवाल्या मामांच्या दुकानात बसून चाक काढायला शिकून घ्या. शंभरेक रुपयांत आणि एका चहात शिकवतात ते. तारांच्या चाकाला ट्यूबलेस टायर नीट बसवण्याची सोय बीएमडब्ल्यूने १९८७ मध्ये आर१०० जीएसवर केली होती, तारांची टोकं रिमच्या कडेला नेऊन. आपल्या हिमालयन ४५० ला तसा पर्याय २०२४ मध्ये मिळाला. सदतीस वर्षं लागली, पण आलं.

आणि शेवटचं, दुकानात गेल्यावर करायचं काम. टायरच्या कडेवर वाकून बघा. ९०/९०-२१ असेल तर पहिला आकडा रुंदी, मिलिमीटरमध्ये. दुसरा म्हणजे उंची रुंदीच्या किती टक्के. तिसरा रिमचा व्यास, इंचात. पुढे ५४एस असं काही असेल, त्यातला ५४ वजनाचा, म्हणजे २१२ किलो, आणि एस वेगाचा, म्हणजे ताशी १८०. मोठ्या बटणांच्या बऱ्याच टायरवर क्यू दिसेल, तो १६० चा. जी/एसच्या इंजिनियरांना ज्याने छळलं होतं ते हेच अक्षर. मग लंबगोलात चार आकडे शोधा. ३५२३ असेल तर २०२३ सालचा ३५ वा आठवडा. 'नवीन स्टॉक आहे, ताई' असं म्हणत दुकानदार जर तीन-चार वर्षं पडून राहिलेला टायर पुढे करत असेल, तर ते चार आकडे त्याला मोठ्याने वाचून दाखवा. मग तो आत जाऊन दुसरा आणतो.